अंगणात पाणी ठेवलंय, कोण कोण यायलंय बघा

ओसरीवरून (परभणी) | ७ मार्च, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय साधा आहे पण मनातून जाईना म्हणून लिहायला बसले.

आमचं घर परभणीत, गावाच्या पार कडेला. मागं दोन प्लॉट मोकळे अन् त्याच्या पलीकडं शेतं. घर बांधून अकरा वर्षं झाली. दारात कडुलिंब, मागं शेवगा, एक जास्वंद, कढीपत्ता अन् न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली दोन केळी. बस्स एवढंच, बाग वगैरे काही नाही. आणि या अकरा वर्षांत मला विचारलं असतं की तुमच्याकडं पक्षी कोणते येतात तर मी म्हणले असते कावळे, चिमण्या, साळुंक्या अन् कधीमधी पोपट.

संक्रांतीनंतर आईला गावाकडून घेऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करायचंय पण शुगर कमी व्हायची वाट बघतोय. ती पहाटे पाचला उठून ओसरीत बसते. एक दिवस आतून ऐकू आलं, ती कुणाला तरी म्हणतेय, "आलास का बाबा, ठोक आता दिवसभर." बाहेर आले तर कुणीच नाही. म्हणलं आई कुणाशी बोलायलीस? तर म्हणे, तांबट आलाय की शेवग्यावर, भांडं ठोकायलाय, तुला ऐकू येईना का? मग कान दिला तर खरंच, टुक टुक टुक टुक, एका लयीत, न थांबता. हा आवाज मी अकरा वर्षं ऐकत होते, मला वाटायचं कुठंतरी पाण्याची मोटार आहे. शोधायला दहा मिनिटं लागली. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर अन् छातीवर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं. आणि तोंड बंद! चोच न उघडताच गळा फुगवून आवाज काढतो, आणि मान इकडंतिकडं फिरवतो म्हणून आवाज कधी या झाडावरून तर कधी त्या झाडावरून आल्यासारखा वाटतो.

तवापासून आमचं दोघींचं ठरलंय. ती ऐकणार अन् मी शोधणार, सापडला की मी तिला रंग सांगायचा. सकाळी सहा ते सात, चहा ओसरीतच.

पाण्याची आयडिया पण तिचीच. नवरात्रातल्या घटाचं परळ (मातीचं पसरट भांडं) होतं माळ्यावर, ते काढायला लावलं, जास्वंदीच्या बुडाशी दोन विटांवर ठेवलं अन् मधी एक दगड टाकला. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी साळुंकी आली, तिनं सगळीकडं बघून घेतलं, मग आत उतरून अशी आंघोळ केली की अर्धं पाणी बाहेर. त्याच्यानंतर लाइनच लागली. बुलबुल, सातभाई (सगळे एकदम, कालवा करत), दयाळ, व्हले (होले, कबुतरासारखे पण छोटे), शिंपी. चिमण्या दुपारी येतात, आधी मातीत लोळून घेतात अन् मग पाण्यावर.

आता मेन प्रश्न. मागच्या कपडे वाळवायच्या दोरीवर एका पक्ष्यानं घरटं केलंय. लांबून बघितलं तर केरकचरा लटकल्यासारखा दिसतो, पिशवीच्या आकाराचा, वाळकी पानं, जाळं, झाडाच्या सालीचे तुकडे, एक कागदाचा कपटा पण चिकटवलाय. बाजूनं गोल भोक अन् भोकावर छोटीशी छपरी! आत बसणारी पक्षीण अंगठ्याएवढी, वरून मातकट, खालून पिवळसर, चोच लांब अन् वाकडी. जवळच तारेवर एक काळा पक्षी ओरडत असतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. होळीच्या दिवसापासून ती आतच बसून आहे. हे कोण? किती दिवस लागतील? आणि दोरीचं काय करू, आमच्याकडं ती एकच आहे.

गोदाकाठचा (नांदेड) | ७ मार्च, रात्री १०:०५

ताई, तुमच्याकडं शिंजीर आलाय, जांभळा सूर्यपक्षी. काळा चमकणारा तो नर, मातकट ती मादी, दोघं नवराबायको. हिवाळ्यात बघितलं असतं तर नर पण मादीसारखाच दिसला असता, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. माघ-फाल्गुनात नवीन पिसं येतात अन् मग हा चमकायला लागतो.

घरटं एकटी मादी बांधते. कोळ्याचं जाळं हे तिचं सिमेंट, त्यामुळं घरटं ताणतं पण तुटत नाही. वरनं कचरा चिकटवते तो मुद्दाम, म्हणजे कुणाला घरटं वाटू नये. अंडी बहुतेक दोन असतात. उबवायला पंधरा-एक दिवस अन् पिल्लं उडायला आणखी पंधरा-एक दिवस. म्हणजे होळीला बसली असेल तर पाडव्याच्या आसपास पिल्लं फुटतील अन् हनुमान जयंतीच्या आसपास उडतील, पंचांग लावूनच बसलीय ती तुमच्याकडं.

दोरी महिनाभर सोडून द्या. दुसरी दोरी बांधा दहा-बारा फूट लांब. आणि एक हात जोडून विनंती, आत किती अंडी आहेत हे बघायला बोट घालू नका, मोबाईल जवळ नेऊन फोटो काढू नका. माणूस सारखा जवळ गेला की कावळा बघून ठेवतो.

किलचन (अंबाजोगाई) | ७ मार्च, रात्री १०:४१

तांबटाशी बोलणारी आई वाचून डोळे भरून आले ओ. माझी आजी पण अशीच होती.

आमचा वाडा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा होता. वर पांढऱ्या मातीचा थर अन् खाली किलचन म्हणजे लाकडी पट्ट्यांचं छत, त्या किलचनाच्या फटीफटीत चिमण्यांची घरटी. जेवताना वरून काडी पडायची ताटात अन् आजी म्हणायची, पडू दे, तिचं पण घरच आहे. सुगी झाली की आजोबा ज्वारीच्या कणसांची जुडी बांधून ओसरीच्या आढ्याला लटकवायचे, फक्त चिमण्यांसाठी. वाडा पाडून स्लॅबचं घर झालं अन् चिमणीला बूड टेकवायला जागाच उरली नाही, गुळगुळीत भिंतीत ती घरटं कशात करणार.

मी तीन वर्षांपूर्वी सुताराकडून लाकडी खोकी करून घेतली, भोक सव्वा इंच, मोठं ठेवलं तर साळुंकी घुसते. पूर्वेच्या भिंतीला लावली, पश्चिमेचं ऊन आपल्याकडं पिल्लाला भाजून काढील. पहिलं वर्ष रिकामं गेलं. दुसऱ्या वर्षी फाल्गुनातच नर येऊन बसला, गळ्याखालची काळी दाढी फुगवून दिवसभर चिवचिव करायचा, मादी यायची, आत डोकवायची अन् निघून जायची. आठ दिवस चाललं होतं ते. मग एक दिवस तिनंच चोचीत पीस आणलं. मी ऑफिसला अर्धा तास उशिरा गेलो त्या दिवशी.

मांजरा_लातूर | ८ मार्च, सकाळी ७:२०

परळाचं वाचून लिहावंसं वाटलं. एप्रिल २०१६ मधी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं हे सगळ्यांना माहितच आहे, पहिल्या गाडीत १० डबे अन् ५ लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाणी तांब्यानं मोजून वापरायचो. पण माझी सासू तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका जुन्या तव्यात ओतून गच्चीवर ठेवायची. मला राग यायचा खरं सांगते, म्हणलं माणसाला नाही अन् पाखराला कुठून.

मग एक दिवस दुपारी दोनला वर गेले वाळवण बघायला. तव्याच्या काठावर एक कावळा, दोन व्हले अन् एक साळुंकी, चौघं शेजारी शेजारी, सगळ्यांच्या चोची उघड्या अन् गळे धडधडत होते. पाखराला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकूनच ते अंग थंड करतात अन् त्यात अंगातलं पाणी जातं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तर नुसतं दिसलं. एरवी कावळा जवळ आला तर व्हला उडून जातो, त्या दिवशी कुणीच हललं नाही. त्या दिवसापासून आमच्या गच्चीवर तवा कायम आहे, पाऊस असला तरी.

बाल्कनीतून (पुणे, मूळ हिंगोली) | ८ मार्च, सकाळी ९:०२

मस्त धागा! माझ्याकडं अंगण नाही, चौथ्या मजल्यावर बाल्कनी आहे फक्त. पारव्यांशिवाय कुणी येईना. दाणे टाकले तर पारवेच तुटून पडतात. काय करू?

गोदाकाठचा (नांदेड) | ८ मार्च, सकाळी ९:३०

दाणे बंद करा, एकदम बंद. पारव्याला बाजारात, मंदिरात, सगळीकडं मिळतं. पाणी ठेवा उथळ, दोन बोटं खोल, आणि फुलझाडं लावा कुंडीत. जास्वंद, शेंदरी-लाल रंगाची, नळीसारखी फुलं. शिंजीर चौथ्या मजल्यावर पण येतो. एखादं मोठ्या पानाचं झाड असेल तर शिंपी येऊन पानं शिवतो, दोन कडा जवळ घेऊन चोचीनं भोकं पाडतो अन् कापसाचा, जाळ्याचा धागा आरपार घालतो. हे एकदा बघितलं ना की पारवे विसराल.

आखाड्यावर (जिंतूर) | ८ मार्च, रात्री ८:४८

सगळ्यांचं वाचलं. मी शेतकरी माणूस, माझं जरा वेगळं आहे, राग धरू नका.

पाच एकर मालदांडी ज्वारी आहे माझी. महिन्याभरापूर्वी भोरड्या उतरल्या. तुम्ही बघितल्या का कधी हजारानं? ढग आल्यासारखं येतंय, वळतंय, खाली बसतंय अन् पाच मिनिटांत कणीस मोकळं. मी, बायको अन् पोरगं, तिघं मिळून पहाटेपासून गोफण फिरवायलो, डबे वाजवायलो. राखणीच्या माचोळीवर (मचाणावर) उभं राहून घसा बसला. त्यामुळं पाखरू बघायचा आनंद म्हणलं की मला पहिलं तेच आठवतं. ज्याचं पोट त्याच्यावर नाही त्याला कौतुक सोपं आहे असं वाटतं कधीकधी.

पण खरं तेही सांगतो. मागच्या आठवड्यात ज्वारी काढून झाली, बांधावरचा पळस फुललाय. सकाळी मोटार चालू करायला गेलो तर त्याच भोरड्या पळसावर. अंग फिकं गुलाबी, डोकं अन् पंख काळे, चोच फुलात घालून रस प्यायल्या अन् तोंडाला पराग लागलेला. शेतात असताना ती कधी अशी दिसलीच नव्हती मला, शेतात ती फक्त नुकसान होती. अर्धा तास उभा राहिलो मोटारीपाशी. आता जातेत म्हणे त्या, कुठं जातेत?

सरोवर_संभाजीनगर | ८ मार्च, रात्री ९:३६

आखाड्यावर दादा, राग कशाचा, तुमचं सगळ्यात खरं आहे.

भोरडी म्हणजेच पळसमैना, नावच तुम्ही बघितलं त्यावरून पडलंय. ती आपल्याकडं अंडी घालत नाही. मार्च-एप्रिलमधी निघते अन् मध्य आशियात जाते, कझाकस्तान वगैरे भाग, तिकडं दगडांच्या सापटीत घरटी करते. आणि तिकडचं तिचं मुख्य खाणं टोळ अन् नाकतोडे. चीनच्या शिंजियांग भागात लोक तिच्यासाठी मुद्दाम दगडाचे ढीग रचतात, घरटी करावीत अन् टोळ खावेत म्हणून. जुलै-ऑगस्टात पहिले थवे परत आपल्याकडं. म्हणजे तुमच्या बांधावर जी दिसली ती हजारो किलोमीटरचा प्रवास करायच्या आधी पोट भरून घेत होती.

अजून एक सांगायचं म्हणजे आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा १९३१-३२ ला सलीम अलींनी संस्थानातल्या पक्ष्यांचा सर्व्हे केला होता. आमच्या शहरात दिल्ली दरवाजाजवळच्या तळ्याला त्यांचंच नाव आहे. आणि त्या माणसाची सुरुवात काही अभयारण्यातून झाली नव्हती. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, ही वेगळी का हे विचारायला तो पोरगा मुंबईच्या निसर्ग इतिहास सोसायटीत गेला, १९०८ साली. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आपल्याकडं पण आहे, घराच्या कडेला झुडपं-झाडं असतील तर. ओसरीताई, तुमच्या मागच्या प्लॉटकडं लक्ष ठेवा.

ओसरीवरून (परभणी) | १२ मार्च, दुपारी ३:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरी दोरी बांधली. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, जिंतूरच्या दादांचं दोनदा वाचायला लावलं. ती म्हणाली त्यांना सांग, गोफण मारायची अन् पाणी पण पाजायचं, दोन्ही करावं लागतं.

शिंजीरीण बसून आहे. आत असली की भोकातून फक्त चोच बाहेर दिसते. नर दिवसभर राखण करतो, काल एका कावळ्यावर धावून गेला, एवढासा जीव.

एक प्रश्न, पहाटे साडेचारला कोकिळा सुरू होते ती कुठं बसते ते काही केल्या सापडत नाही. अन् हिवाळ्यात कुठं जाते?

किलचन (अंबाजोगाई) | १२ मार्च, दुपारी ४:००

ताई, कुहू करते ती कोकिळा नाही, कोकीळ. नर. काळाभोर, डोळे लालबुंद. मादी तपकिरी अन् अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज किक-किक-किक असा घाबरल्यासारखा. हिवाळ्यात कुठंच जात नाही, इथंच असतो पण गप्प असतो म्हणून आपल्याला वाटतं गेला. दाट पानात बसतो, शोधायचा असेल तर उंबर किंवा वडाची फळं पिकलेली बघा, तिथं खायला येतोच.

आणि कावळ्याचं घरटं कुठं आहे ते बघून ठेवा. कोकिळा अंडी तिथं टाकणार.

नवशिका_सेलू | १३ मार्च, रात्री ११:१०

दुर्बीण कोणती घ्यावी? ॲप आहे का काही?

सरोवर_संभाजीनगर | १४ मार्च, सकाळी ६:५५

८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठ पट जवळ दिसतं अन् ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमधी, भिंग मोठं म्हणजे पहाटेच्या कमी उजेडात पण दिसतं. जास्त पटीची घेऊ नका, हात हलला की पक्षी गायब होतो. पण पहिले सहा महिने दुर्बिणीशिवायच बसा असं माझं स्पष्ट मत आहे. अंगणातला पक्षी पंधरा फुटांवर असतो, त्याला दुर्बीण कशाला.

ॲपमधी मर्लिन, फुकट आहे, आवाज ऐकवला की नाव सुचवतं. मात्र त्यानं सांगितलं म्हणून लगेच खरं मानू नका, डोळ्यानं बघून पक्कं करा. नोंदी ठेवायला ईबर्ड. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, १९९८ ला अमेरिकेत सुरू झाला, भारतात २०१३ पासून. अंगणात १५ मिनिटं बसून जे दिसलं ते मोजायचं अन् टाकायचं एवढंच काम. आपल्या भागातून नोंदी कमी जातात, पुढच्या फेब्रुवारीला हा धागा वर काढू.

ओसरीवरून (परभणी) | १९ मार्च, रात्री ८:३०

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना.

पहाटे गुढीला कडुलिंबाचा डहाळा तोडायला गेले तर हाताच्या उंचीपेक्षा थोडं वर एका दुबेळक्यात व्हल्याचं घरटं. घरटं काय, पंधरा-वीस काड्या आडव्या-उभ्या टाकलेल्या, खालून बघितलं तर काड्यांमधून पांढरी अंडी दिसत होती, दोन. व्हला माझ्याकडं बघत तसाच बसून. मी तशीच मागं सरकले. डहाळा दुसऱ्या बाजूनं घेतला.

आणि मोठी बातमी! शिंजिरांची पिल्लं फुटली. आज सकाळपासून दोघं जण सारखे ये-जा करायलेत. गंमत म्हणजे मला वाटायचं हे फक्त फुलातला रस पितात, पण पिल्लांना कोळी अन् बारीक किडे आणून देतात. मी मोजलं, एका तासात १७ खेपा. आई म्हणाली तू माझं नाश्त्याचं बघ आधी.

मांजरा_लातूर | १९ मार्च, रात्री ९:०५

वा वा वा. पाडवा गोड झाला. उद्या २० मार्च, जागतिक चिमणी दिवस, सगळ्यांनी पाणी बदला अन् भांडं नारळाच्या शेंडीनं घासून घ्या. साबण नको. रोज बदललं की डास पण होत नाहीत. आणि कृपा करून फरसाण, शेव, खारं काही टाकू नका, आमच्या गल्लीत लोक पुण्य म्हणून शेव टाकतात. टाकायचंच असेल तर ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी.

ओसरीवरून (परभणी) | २४ मार्च, रात्री १०:२०

आज मन फार खराब आहे.

सकाळी मी आईच्या तपासणीला दवाखान्यात गेले होते. माझ्या माघारी विजेच्या तारेखालच्या फांद्या तोडायला माणसं आली, कुणाला विचारलं नाही काही नाही, कडुलिंबाची रस्त्याकडची अर्धी बाजू साफ करून गेली. तारेला लागत नव्हत्या त्या फांद्या पण. व्हल्याचं घरटं त्यातच होतं. घरी आलो तर रस्त्यावर पाला अन् टरफलं. व्हला तारेवर बसून होता, एकटाच.

मी आईला काही सांगितलं नव्हतं. तिनं दुपारी विचारलं, व्हला आज घुमला का नाही गं?

किलचन (अंबाजोगाई) | २४ मार्च, रात्री १०:३८

अरेरे. ताई, काय बोलावं. शिंजिराचं घरटं ठीक आहे ना?

गोदाकाठचा (नांदेड) | २४ मार्च, रात्री १०:५२

वाईट झालं. पण एक सांगतो, व्हला थांबणारा पक्षी नाही. त्याचा विणीचा ठराविक महिना नसतो, वर्षभर कधीपण घरटं करतो, एक गेलं की थोड्या दिवसांत दुसऱ्या काड्या गोळा करायला लागतो. जवळपासच करील, सज्जा, खिडकी, पत्र्याचं कोपरं. लक्ष ठेवा.

आणि पुढच्या वर्षीसाठी, कॉलनीतल्या चार लोकांच्या सहीचा अर्ज नोव्हेंबरातच देऊन ठेवा की तारेखालच्या फांद्या डिसेंबर-जानेवारीत तोडा. तेव्हा झाडांवर घरटी सगळ्यात कमी. आम्ही आमच्या कॉलनीत दिला, दोन वर्षं ऐकलं नाही, तिसऱ्या वर्षी ऐकलं. पाठपुरावा लागतो.

आखाड्यावर (जिंतूर) | २५ मार्च, पहाटे ५:३०

ताई, माझ्या बांधावरच्या बाभळीला विहिरीच्या बाजूनं सुगरणीचे जुने खोपे आहेत, पाच-सात. दरवर्षी मी ती फांदी काट्याला तोडत असतो. या वर्षी सोडली.

ओसरीवरून (परभणी) | ३ एप्रिल, रात्री ९:४५

उशीर झाला कळवायला, घरात गडबड होती. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन २८ ला झालं, शुगर आटोक्यात आली एकदाची. काळा चष्मा अन् दर दोन तासाला ड्रॉप्स, त्याच्यामुळं ओसरी चार दिवस बंद होती.

काल हनुमान जयंती. गोदाकाठचे दादा, तुमचं पंचांग बरोबर निघालं. सकाळी साडेसहाला घरट्याच्या भोकात दोन तोंडं दिसली, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. नर अन् मादी दोघं समोरच्या जास्वंदीवर बसून ओरडायलेत, चोचीत किडा आहे पण आणून देईनात, तिथूनच दाखवायलेत. मी आईला उठवलं, खुर्ची मागच्या दारात टाकली. तिनं चष्म्यावर हात धरला अन् बघत बसली. किती वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हा शिंजीर? एवढुसा? आवाजावरनं मला वाटलं होतं बुलबुलाएवढा असंल."

पहिलं पिल्लू बाहेर आलं ते दोरीलाच लटकलं, पाय घट्ट अन् पंख उघडे. मग सरळ कढीपत्त्यात. दुसरं मात्र नऊ वाजेपर्यंत निघेना, मादी तीनदा आत जाऊन आली. ते उडालं तेव्हा मी आत आईचे ड्रॉप्स घ्यायला गेले होते, मला दिसलं नाही, आईला दिसलं. दिवसभर तिनं येईल त्याला सांगितलं, दूधवाल्याला पण. संध्याकाळी दोन्ही पिल्लं कढीपत्त्याच्या एकाच फांदीवर चिकटून बसली होती अन् बाप भरवत होता.

व्हल्यांची जोडी परवापासून न्हाणीच्या पत्र्याखाली काड्या आणायलीय. आणतात अन् पाडतात, खाली ढीग झालाय. आईनं सांगितलंय तो ढीग झाडू नको म्हणून, त्यातल्याच उचलून नेतील.

सरोवर_संभाजीनगर | ३ एप्रिल, रात्री १०:१०

आईंना नमस्कार सांगा. पुढच्या महिन्यात पावशा ओरडायला लागेल, "पेरते व्हा, पेरते व्हा". तोवर दुसरा डोळा पण होऊ द्या. तो पक्षी दिसायला शिक्र्यासारखा (छोट्या शिकारी पक्ष्यासारखा) असतो अन् पानात लपतो, ऐकणारं अन् बघणारं दोन्ही लागतं त्याला.

ओसरीवरून (परभणी) | ३ एप्रिल, रात्री १०:२५

सांगितलं. म्हणे तो तर आमच्या गावच्या चिंचेवर असायचा, अंडी सातभाईच्या घरट्यात टाकतो, सातभाई इथं आहेतच म्हणजे तो पण येईल. परळ तेवढं मोठं घेऊन ये म्हणाली बाजारातून.